लाकडी जिना आणि कठडा: दुरुस्ती, पॉलिश आणि कारागीर निवडताना कोल्हापूरकरांना पडणारे प्रश्न

कोल्हापुरात लाकडी जिने मुख्यतः दोन तऱ्हेचे दिसतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांत भिंतीलगत उभट चढणारा सागवानी जिना असतो. दोन्ही बाजूंच्या जाड फळ्यांत खाचा पाडून त्यांत पायऱ्या बसवलेल्या असतात आणि वर माडीचं दार असतं. राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीतल्या बंगल्यांत सिमेंटच्या जिन्यावर लाकडी फळी बसवलेली असते आणि कठडा तेवढा पूर्ण लाकडी. पहिल्या जिन्यात लाकूडच वजन पेलतं. दुसऱ्यात वजन सिमेंट पेलतं, लाकूड फक्त पायाखाली असतं. दोघांची दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून कारागिराला फोन करताना आपला जिना कोणता ते आधी सांगा.

आमचा जिना दुरुस्त होईल की नवाच करावा लागेल?

पायऱ्यांकडे नंतर बघा. आधी जिन्याखाली जाऊन बाजूच्या दोन तिरक्या फळ्या तपासा. पायऱ्या एकेक करून बदलता येतात, पण या फळ्या गेल्या तर जिना गेला. जिन्याखालची अडगळ, पोती, जुन्या पेट्या बाहेर काढा, टॉर्च घ्या आणि तीन जागा टोच्यानं किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहा: फळी जमिनीला टेकते तिथं, भिंतीला चिकटलेल्या बाजूला आणि वर माडीच्या तुळईवर विसावते तिथं. चांगल्या सागवानात टोक 1-2 मिलिमीटरच्या पुढं जात नाही, आणि बाहेर ओढलं तर लांब तुसं उचकटतात. कुजलेल्या लाकडात ते सहज अर्धा इंच रुततं आणि लाकूड चौकोनी तुकड्यांनी तुटतं. हातोडीनं हलकं ठोकलं तर पोकळ जागी आवाज बदलतो.

फक्त तळाचा फूट-दीड फूट भाग कुजला असेल तर तेवढाच कापून जोड देता येतो. जोड तिरका घ्यायचा, त्याची लांबी फळीच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी आणि आरपार नट-बोल्ट लावायचे. नुसत्या खिळ्यांवर तो टिकत नाही. नवा तुकडा पुन्हा ओल्या जमिनीवर टेकवू नका. जुन्या सुतारांनी खांबांखाली दगडी तळखडा दिला तो ओल वर चढू नये म्हणूनच. इथंही दोन-तीन इंचांचा दगड खाली द्या.

दोन्ही फळ्या मध्यावर वाकल्या किंवा लांबीच्या दिशेनं तडकल्या असतील, किंवा पायऱ्यांच्या खाचा फाटल्या असतील, तर पॉलिशवर एक रुपयाही घालू नका. अशा जिन्याला खालून टेकू द्या आणि आधी सुतार, गरज पडली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

सुतार बोलवायचा की पॉलिशवाला?

बहुतेक वेळा दोघेही, आणि याच क्रमानं. सांधे, पायऱ्या, खांब सुताराकडे. घासणं, रंग मिळवणं, पॉलिश पॉलिशवाल्याकडे. कठड्याचे कातीव गज तुटले असतील तर तिसरा माणूस कातारी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारा. "सगळं मीच करतो" असं कोणी म्हणालं तर त्यानं पूर्वी केलेलं जिन्याचं काम दाखवायला सांगा. कपाटाचं किंवा टीव्ही युनिटचं काम पाहून काही कळत नाही. त्यावर कुणी चालत नाही.

जुनं काम बघायला गेलात तर दोन वर्षांपूर्वीचं बघा. नवं पॉलिश सगळ्यांचंच चांगलं दिसतं. पायरीच्या मधोमध, जिथं रोज पाऊल पडतं, तिथला थर कसा राहिलाय ते पाहा, आणि कठडा हलवून बघा.

पाहणीला आलेला माणूस जाणकार आहे हे कसं ओळखू?

तो जिन्याखाली वाकतो का ते बघा. वरून हात फिरवून, पायऱ्या मोजून लगेच आकडा सांगणाऱ्यानं निम्मंच काम पाहिलेलं असतं. जाणकार माणूस प्रत्येक पायरीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना वजन देऊन बघतो, कठड्याचा मुख्य खांब बाजूला ढकलतो, आधीचं पॉलिश कशाचं आहे विचारतो, घरात ओल कुठून येते ते विचारतो. ओलावा मोजायचं छोटं मीटर जवळ असेल तर फारच उत्तम. लाकडातला ओलावा 12-14 टक्क्यांपर्यंत असेल तर काम सुरू करायला हरकत नाही. 18 च्या वर असेल तर पॉलिश करायचं नाही, ओल कुठून येते ते शोधायचं.

पायऱ्या करकरतात. सगळा जिना उसवावा लागेल का?

क्वचितच. करकर म्हणजे दोन लाकडं एकमेकांवर घासतायत. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खिळ्याची पकड सुटते, पायरीची आडवी फळी आणि तिच्याखालची उभी फळी यांच्यात केसाएवढी फट पडते. पाय पडला की फळी खाली दबते आणि खिळ्यावर घासते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की आवाज कमी होतो आणि लोकांना वाटतं दुखणं बरं झालं.

जिन्याखालून हात जात असेल तर दुरुस्ती खालूनच करावी, वर डाग राहत नाही. एकजण वर प्रत्येक पायरीवर उभा राहतो, दुसरा खालून फट कुठं उघडते ते खडूनं खूण करतो. त्या फटीत सागवानाची पातळ पाचर फेविकॉल लावून हलक्या हातानं बसवायची. जोरात ठोकली तर पायरी वर उचलली जाते आणि शेजारची करकरायला लागते. मग आडव्या-उभ्या फळीच्या कोनात दीड-दीड इंचाचे, तीन-चार इंच लांब लाकडी ठोकळे चिकटवून स्क्रूनं आवळायचे. 3 फुटी पायरीला तीन ठोकळे पुरतात. त्यानंतर 24 तास त्या पायरीवर कुणी चढायचं नाही.

खालून प्लास्टर किंवा फळ्यांनी बंद असेल तर वरून करावं लागतं. फळी दीड इंच जाड असेल तर अडीच इंची, 8 नंबरचे स्क्रू, आधी 3 मिलिमीटरचं भोक पाडून, एकमेकांकडे थोडे कलते. डोकं 8-10 मिलिमीटर आत बुडवायचं आणि वर सागवानाचीच गोल खुंटी बसवायची. खुंटीच्या रेषा पायरीच्या रेषांना समांतर ठेवल्या तर पॉलिशनंतर शोधूनही सापडत नाही. लांबीनं, म्हणजे सुतारी पुटीनं, भरलेलं भोक मात्र वर्षभरात डोळ्यांवर येतं.

भोक न पाडता नुसते लांब खिळे मारणाऱ्याला थांबवा. जुनं कोरडं सागवान कडेला चटकन तडकतं.

सिमेंटच्या जिन्यावर बसवलेल्या फळ्या पोकळ वाजतात. का?

खालचा चिकटद्रव्याचा थर सुटलाय, किंवा प्लास्टर भुसभुशीत झालंय. फळी काढून प्लास्टर कडक थरापर्यंत खरवडायचं, धूळ व्हॅक्यूमनं काढायची आणि लवचीक राहणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) ॲडेसिव्हनं फळी पुन्हा बसवायची. त्याआधी बाथरूमची भिंत त्या जिन्याला लागून आहे का ते बघा. असेल तर गळतीचा बंदोबस्त आधी.

कठडा हलतो. घरात लहान मूल आहे. काय करावं?

हे काम पुढं ढकलू नका. कठडा हलतो तो बहुधा तळाच्या मुख्य खांबातून. एक हात खांबाच्या बुडाला लावा आणि दुसऱ्यानं वरून हलवा. बूड हलत असेल तर दोष बसवण्यात आहे. बूड स्थिर आणि वरची हातधरणी तेवढी हलत असेल तर सांधा सुटलाय.

लाकडी जमिनीत खांब तुळईला नट-बोल्टनं आवळावा. 12 मिलिमीटरचा बोल्ट आणि मागं मोठी वॉशर हवी, नाहीतर नट लाकडात रुतत जातो. सिमेंटवर 6 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी आणि 10 मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट लागतात. खांबाच्या चारी बाजूंना एल पट्ट्या मारून वर मोल्डिंग लावणं ही तात्पुरती मलमपट्टी आहे. कठड्याला टेकून चारजण उभे राहिले की स्क्रू उपटतात. लग्नकार्यात, गणपतीत जिन्यात किती माणसं दाटतात ते डोळ्यांपुढं आणा.

गज सुटे झाले असतील तर प्रत्येकाच्या कुसवावरचं, म्हणजे भोकात बसणाऱ्या टोकावरचं, जुनं सरस, रंग खरवडून लाकूड उघडं करायचं. जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. कुसू झिजून भोकात खुळखुळत असेल तर पातळ लाकडी चीप चिकटवून तो पुन्हा जाड करावा. नुसतं भोकात अराल्डाइट ओतलं तर पुढच्या दुरुस्तीला गज तोडूनच काढावा लागतो.

दोन गजांमधली फट 4 इंचांपेक्षा जास्त नको. त्याहून मोठ्या फटीत लहान मुलाचं अंग शिरतं आणि डोकं अडकतं. जुन्या कठड्यांत ही फट 6-7 इंच असते. मधे एकेक जादा गज घालता येतो.

कठड्याचे गज बिडाचे (ओतीव लोखंडाचे) आहेत, दोन तुटलेत. तसेच मिळतील का?

नवे ओतून मिळतात, आणि कोल्हापुरात तर ही सोय दाराशी आहे. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रीत एका-दोघा नगांचं काम घेणारी छोटी युनिट विचारल्यावर सापडतात. अखंड गज नमुन्याला द्यावा लागतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: बीड थंड होताना सुमारे 1 टक्का आकसतं. जुना गजच साच्यासाठी वापरला तर अडीच फुटांचा नवा गज 7-8 मिलिमीटर आखूड येतो. म्हणून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, तेवढा वाढवून घ्या, किंवा तळाला पितळी वॉशर घालायची तयारी ठेवा.

तुटलेलं बीड साध्या वेल्डिंग रॉडनं जोडू नका. जोड धरल्यासारखा वाटतो आणि थंड झाल्यावर शेजारीच तडा जातो. त्याला निकेलचा रॉड आणि आधी तापवणं लागतं.

पायरीखाली पिठासारखा भुसा पडतो. वाळवी आहे का?

बारीक पिठासारखा भुसा आणि लाकडावर टाचणीएवढी गोल भोकं असतील तर ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगा आहे. वाळवी भुसा टाकत नाही. ती मातीच्या नळ्या करत भिंतीवरून चढते आणि लाकूड आतून खाऊन वरचा पापुद्रा तसाच ठेवते. फरक ओळखणं गरजेचं, कारण उपाय निराळे.

भुंगा बहुधा लाकडाच्या पांढरट, बाहेरच्या भागात असतो. सागवानाचा गाभा तो सहसा खात नाही. तो भाग तासून काढायचा किंवा भोकांत इंजेक्शननं औषध भरायचं. नंतर खाली काळा कागद अंथरून ठेवा. महिन्याभरानं त्यावर नवा भुसा दिसला तर पुन्हा औषध.

वाळवीसाठी नुसत्या जिन्याला औषध लावून भागत नाही. ती जमिनीतून येते. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत दर फुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरून घ्या. एका भोकात लिटरभरापर्यंत औषध जातं. कोणतं औषध, किती पाण्यात, हे बिलावर लिहून घ्या. क्रम नेहमी असा: आधी पेस्ट कंट्रोल, मग सुतार, शेवटी पॉलिश. उलटा झाला तर नवी पायरीही खाल्ली जाते आणि पॉलिशवर औषधाचे डाग पडतात.

पायऱ्या बदलायच्या तर लाकूड कोणतं आणि किती?

जुना जिना सागवानी असेल तर सागवानच. टिंबर मार्केटमध्ये दांडेलीकडचा साग, परदेशी साग आणि पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान असे तिन्ही प्रकार मिळतात. जिन्याच्या दुरुस्तीला आमच्या मते जुनं सागवान सगळ्यांत चांगलं. ते आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं आणि रंगही जुन्या पायऱ्यांशी जुळतो. फक्त त्यात मोडके खिळे असतात, म्हणून रंध्याखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवून घ्यायला सांगा. परदेशी साग घेतला तर तो वाळलेला आहे का ते मीटरनं बघा. ओला साग तीन महिन्यांत खाचेतून सुटतो.

हिशेब असा. 3 फूट लांब, 11 इंच रुंद, दीड इंच जाड पायरीला 0.34 घनफूट लाकूड लागतं. दहा पायऱ्यांना 3.4 घनफूट, त्यावर घट धरून साधारण 4. कुणी सहा घनफूट सांगत असेल तर कारण विचारा. एकसंध 11 इंच रुंद फळी महाग पडते. दोन फळ्यांचा जोड चालतो, पण तो पायरीच्या पुढच्या कडेजवळ नको.

जुन्यापेक्षा जाड फळी बसवणार असाल तर सावध. मधल्या पायऱ्यांची उंची बदलत नाही, पण तळाची चढण तेवढी वाढते आणि शेवटची तेवढी कमी होते. माणूस पाय मोजून टाकत नाही, सवयीनं टाकतो. अर्ध्या इंचाच्या फरकानंही अंधारात ठेच लागते. खाली नवी फरशी टाकतानाही हाच घोटाळा होतो.

आमचा जिना फार उभा आहे, आईला चढवत नाही. दुरुस्तीत तो कमी करता येईल का?

पुढं जागा असेल तरच. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी 250 मिलिमीटर. माडी 10 फुटांवर असेल तर साडेसात इंचांच्या 16 चढणी आणि 10 इंचांच्या 15 पायऱ्या होतात, म्हणजे साडेबारा फूट आडवी जागा लागते. वाड्यांत ती सात-आठ फूटच असते. जागा नसेल तर दोन्ही बाजूंना हातधरणी लावा. जुन्या घरांत वरून दोर सोडलेला असायचा, त्यामागं हाच विचार होता. दोराऐवजी भिंतीला गोल, दीड-पावणेदोन इंच जाड सागवानी दांडा, भिंतीपासून दोन इंच सोडून बसवा. मुठीत पूर्ण मावतो तोच दांडा तोल सावरतो. चपटी रुंद पट्टी नुसती शोभेची होते.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर असे बदल करण्याआधी तिथं विचारणा करा.

जिन्यावर जुना ऑइल पेंट आहे. तो घासून काढू का?

कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कायदेशीर मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही. ग्राइंडरनं उडवलेली ती धूळ स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि लहान मुलांना सगळ्यांत जास्त बाधते. पेंट रिमूव्हर लावून खरवडणं किंवा पाणी मारून ओलं घासणं हा मार्ग. हीट गन चालते, पण धूर निघेपर्यंत तापवायची नाही. काम चालू असताना गरोदर बाई आणि लहान मुलं घरात नकोत. खरवडलेला रंग गोळा करून पिशवीत बंद करा, परसात टाकू नका.

आधीचं पॉलिश कोणतं आहे, हे कसं कळेल?

जिन्याच्या आडबाजूला दोन जागा निवडा. एकीवर स्पिरिटचे तीन-चार थेंब टाका. मिनिटाभरात चिकट झालं तर चपडीचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश. दुसरीवर थिनर टाका. विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींनी काहीच झालं नाही तर मेलामाइन, पीयू किंवा तेलाचं वार्निश. फर्निचरवर मेण किंवा चकाकीचा स्प्रे मारत असाल तर तेही कारागिराला सांगा. त्या मेणावर नवा थर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पाडतो.

मग नवं पॉलिश कोणतं करावं?

एकाच जिन्याला दोन पॉलिशं लागू शकतात, आणि हे बरेच जण सांगत नाहीत. कठडा हाताखाली असतो, पायरी पायाखाली. कठड्याला मेलामाइन किंवा पीयू, दोन्ही चालतात. फ्रेंच पॉलिशची मऊ झळाळी दुसऱ्या कशाला येत नाही आणि ते दुरुस्तही सहज होतं, म्हणून जुन्या कोरीव खांबांना आम्ही तेच सुचवतो. पण पायरीवर ते चालत नाही: पाण्याचा पांढरा डाग पडतो, सहा महिन्यांत मधोमध झिजतं. मेलामाइन कडक पण ठिसूळ, टाचेखाली बारीक तडे जातात. पायऱ्यांना दोन घटकांचं पीयूच घ्यावं, डब्यावर फ्लोअरसाठी चालतं असं लिहिलेलं, आणि सॅटिन किंवा मॅट. चकचकीत पायरी ओल्या पायाला निसरडी होते.

पायरीची पद्धत अशी. 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं जुना थर काढायचा, मग 120, मग 180. शेवटची घासणी हातानं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. मशीनचे गोल ओरखडे उघड्या लाकडावर दिसत नाहीत, स्टेन (लाकडात मुरणारा रंग) चढला की गोगलगाईच्या वाटेसारखे उमटतात. फेविकॉलचा पुसट डागही तसाच. त्या जागी लाकूड स्टेन पीतच नाही आणि बोटाएवढा फिकट ठिपका राहतो. म्हणून सांधे चिकटवताना ओघळलेला फेविकॉल लगेच ओल्या फडक्यानं पुसायला लावा.

सागवानात मुळात तेल असतं. पहिल्या थराआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घेतलं नाही तर पॉलिश पापुद्र्यासारखं सुटू शकतं. मग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या पहिल्या थराचे) दोन हात, मधे 320 नंबरची हलकी घासणी, आणि वर पीयूचे दोन ते तीन हात. पीयूत पीयूचंच थिनर घालायचं. नेहमीच्या एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असतं, ते हार्डनरला, म्हणजे पीयूच्या दुसऱ्या घटकाला, खाऊन टाकतं आणि थर आठवडाभर चिकटच राहतो. डब्यावरचं प्रमाण मापानं मोजायचं, अंदाजानं नाही.

माल किती? 15 पायऱ्या, 3 फूट रुंद, 10 इंच आडवी आणि साडेसात इंच उभी बाजू धरली तर 65 चौरस फूट होतात. एका हाताला लिटरमागं साधारण 100 चौरस फूट. तीन हातांना दोन लिटर. लिटरभराच्या डब्यात तीन हात केले असं कुणी म्हटलं तर ते झालेले नाहीत.

पायऱ्या निसरड्या होऊ नयेत म्हणून काय करावं?

पुढच्या कडेपासून इंचभर आत दोन-तीन उथळ खाचा, किंवा खाचेत बसवलेली पितळी पट्टी. पट्टी वरून ठोकली की तिची कड पायाला लागते. शेवटच्या हातात बारीक ग्रिट पावडर मिसळणंही चालतं.

पावसाळ्यात काम करावं का?

सुतारकाम करता येतं, पॉलिश टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढा दमटपणा असतो की फ्रेंच पॉलिश आणि लॅकर सुकताना हवेतलं पाणी धरतात आणि दुधाळ होतात. दुसरं म्हणजे लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेली पायरी मार्चमध्ये खाचेत सैल होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. गणपतीआधी पॉलिश हवं असेल तर मेमध्ये उरका. जुलैत कारागीर मिळाला तरी हवा साथ देत नाही.

पुराचं पाणी जिन्याला लागलं होतं. लगेच पॉलिश करून घेऊ का?

अजिबात नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली भागात घरांत पाणी शिरलं. अशा पाण्यात बुडालेलं लाकूड वरून चार दिवसांत कोरडं दिसतं, आतून महिनोन्‌महिने ओलं राहतं. वर पॉलिश चढवलं तर ओल आत कोंडते, थर फुगून येतो आणि आत बुरशी वाढते.

आधी स्वच्छ पाण्यानं आणि मऊ ब्रशनं गाळ धुवा, सांध्यांतलाही. जिन्याखालची फळी काढून हवा खेळू द्या. पंखा लावा, पण हीटर किंवा हॅलोजन लावू नका. झपाट्यानं वाळलं की लाकूड चिरतं आणि पिळवटतं. दर आठवड्याला मीटरनं तीच जागा मोजून लिहून ठेवा. आकडा 14 च्या आसपास येऊन दोन आठवडे तिथंच थांबला की काम सुरू करा. खिळे बहुधा गंजलेले असतात. सागवानात लोखंडाचा गंज काळा डाग सोडतो, म्हणून नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या.

जिना एकच आहे. काम चालू असताना वर-खाली कसं करायचं?

एकाआड एक. पहिल्या दिवशी 1, 3, 5 अशा पायऱ्यांना हात मारायचा आणि बाकीच्यांवर कागदी टेप लावून "इथं पाय" अशी खूण करायची. दुसऱ्या दिवशी उरलेल्या. काम दीडपट लांबतं, पण घर चालू राहतं. उभट जिन्यावर म्हातारी माणसं, मुलं एक पायरी गाळून चढू शकत नाहीत. त्यांची सोय तेवढे दिवस खालीच करा.

15 पायऱ्या आणि कठडा, किरकोळ दुरुस्तीसह, दोन माणसांना आठ ते दहा दिवस लागतात. पीयूच्या शेवटच्या हातानंतर 24 ते 48 तासांनी अनवाणी चालता येतं. जड सामान, चप्पल, पायपुसणी आठवडाभर नको.

पॉलिशच्या फवारणीच्या वेळी गॅस बंद, आणि देवघरातली समई, निरांजन, उदबत्तीसुद्धा विझवा. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरत जाते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू देऊ नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दर कसा ठरवायचा? तीन जणांनी तीन तऱ्हेचे आकडे दिलेत.

एक पायरीवर दर देतो, दुसरा चौरस फुटावर, तिसरा रोजावर. त्यामुळे तुलना होत नाही. तिघांनाही एकच यादी द्या: किती पायऱ्या बदलायच्या, किती दुरुस्त करायच्या, किती गज, हातधरणी किती फूट, जुना थर पूर्ण काढायचा की वरच्यावर घासायचा, कोणत्या कंपनीचं कोणतं पॉलिश, किती हात, माल कुणाचा. कातीव गजांचं पॉलिश चौरस फुटावर मोजू नका, नगावर ठरवा. त्यांतल्या खाचा घासायला सपाट जागेच्या कितीतरी पट वेळ जातो. इथं दर कमी दिसला तर खाचांत जुनं पॉलिश तसंच राहणार, हे गृहीत धरा.

"उघडल्यावर आत आणखी खराब निघालं तर?" हा प्रश्न आधीच सोडवा. जुन्या जिन्यात ते निघतंच, आणि त्यात कारागिराची लबाडी नसते. जादा पायरीचा, जादा घनफुटाचा दर कागदावर घ्या आणि फोटो दाखवल्याशिवाय जादा काम करायचं नाही असं लिहा.

उचल मालापुरती, साधारण तिसरा हिस्सा. घासणी आणि दुरुस्ती तपासल्यावर दुसरा हप्ता. उरलेला शेवटच्या हातानंतर आठवड्यानं, कारण थर नीट कडक झाला की नाही ते तेव्हाच कळतं. आणि ठरलेल्या दिवशी ते पैसे द्या. चांगला कारागीर परत यायला हवा असेल तर याला पर्याय नाही.

काम ताब्यात घेताना काय तपासू?

पॉलिशच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बघा. आधीची तपासणी जास्त मोलाची. घासलेल्या कोरड्या लाकडावर बॅटरी आडवी धरा. ओरखडे, फेविकॉलचे डाग, लांबीचे ठिपके सगळं दिसतं आणि तेव्हाच सुधारता येतं. रंगाचा नमुना एका पूर्ण उभ्या फळीवर, वरचा हात मारून, दिवसाउजेडी आणि रात्रीच्या दिव्यात पाहून पास करा. प्लायच्या तुकड्यावरचा नमुना तुमच्या लाकडावर तसा येत नाही.

नंतर: प्रत्येक पायरीवर तीन जागी उभं राहा, कठडा मध्यावर बाजूला ढकला, हातधरणीच्या खालच्या बाजूनं बोट फिरवा. खरखर आणि ओघळ तिथंच राहतात. उरलेला स्टेन आणि पॉलिश बाटलीत भरून मागून घ्या आणि बाटलीवर नाव, तारीख लिहा. तोच रंग दोन वर्षांनी पुन्हा जुळवणं अवघड जातं.

पुढं निगा कशी राखायची?

कोरड्या मऊ झाडूनं रोज, घट्ट पिळलेल्या फडक्यानं आठवड्यातून एकदा. फिनाईल, सोडा, बादलीभर पाणी नको. मेणाचा, सिलिकॉनचा स्प्रे पायरीवर कधीच नको. जिन्याच्या तळाशी पायपुसणं ठेवा. पॉलिश झिजवते ती चपलेखालची वाळू. दर मेमध्ये कठड्याचे नट-बोल्ट पान्यानं तपासा आणि सैल असतील तेवढे अर्धा फेरा आवळा. पायरीच्या मधोमध चमक गेली पण लाकूड उघडं पडलं नाही, अशा वेळीच 320 नंबरनं हलकं घासून वर एक हात मारून घ्या. दिवसभराचं काम आहे. लाकूड उघडं पडून काळं झालं की पुन्हा 80 नंबरपासून सुरुवात.